क्वेरी चालता चालता मेमरी का फुगते? एका लीकचा माग



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत असतील, काहींना नुकताच गाईड मिळाला असेल. "रिसर्च म्हणजे रोज नेमकं काय करायचं असतं?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज त्याचं उत्तर एका बगच्या निमित्ताने देते. हा बग माझाच होता. तो शोधायला मला अकरा दिवस लागले. दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची जागा बदलली, बस्स.

विषय डेटाबेसचा आहे, पण तुम्ही केमिस्ट्री किंवा फिजिक्सचे असलात तरी वाचा. यातली शोधायची पद्धत तुमच्याही कामाची आहे. आणि शेवटी मी जी चूक कबूल केली आहे, ती तर कुठल्याही विषयात होऊ शकते.

झालं काय?

आमच्या प्रकल्पात ११०० वीजमीटरच्या ५ वर्षांच्या नोंदी आहेत. दर ५ मिनिटांनी एक आकडा, म्हणजे एका दिवसाचे २८८ आकडे. आम्ही एका मीटरचा एक दिवस ही एक ओळ धरली आणि ते २८८ आकडे एका ॲरेमध्ये ठेवले. सगळे दिवस भरलेले असते तर २०,०८,६०० ओळी झाल्या असत्या. मधले काही दिवस गहाळ आहेत, त्यामुळे साधारण १९ लाख ओळी. डेटाबेस पोस्टग्रेस.

मला हवी होती दिवसाची सरासरी. म्हणजे रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सगळ्या ओळींची मिळून सरासरी किती, १२ वाजून १० मिनिटांनी किती, असे २८८ आकडे. एसक्यूएलमध्ये हे करता येतं, पण ॲरे उलगडला की १९ लाखांच्या ५४ कोटींहून जास्त ओळी होतात आणि क्वेरी रडतखडत चालते. म्हणून मी सी भाषेत स्वतःचं ॲग्रिगेट फंक्शन लिहिलं. प्रत्येक ओळ आली की २८८ बेरजा आणि २८८ मोजण्या पुढे सरकवायच्या, शेवटी भागाकार करायचा.

आता एक हिशोब लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. या कामाला मेमरी किती लागायला हवी? २८८ बेरजा आणि २८८ मोजण्या मिळून ५७६ आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ४,६०८ बाइट. ओळी हजार असोत नाहीतर १९ लाख, साठवायचं तेवढंच.

चाचण्या झाल्या, उत्तरं बरोबर आली. एका मीटरसाठी चालवलं, छान. मीटरप्रमाणे गट करून सगळ्यांसाठी चालवलं, छान. मग गट न करता सगळ्या १९ लाख ओळींवर एकदाच चालवलं आणि चहाला गेले. परत आले तर कनेक्शन तुटलेलं. लॅबचा तो सर्व्हर ८ जीबी मेमरीचा. लिनक्सची मेमरी संपत आली की कर्नल सगळ्यात जड प्रक्रिया बघून तिला मारून टाकतो, याला ओओएम किलर म्हणतात. त्याने माझी प्रक्रिया मारली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण पोस्टग्रेसमध्ये एक प्रक्रिया अशी अचानक मारली गेली, की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने सर्व्हर बाकीच्यांचीही कनेक्शन तोडतो आणि स्वतः रिकव्हरीत जातो. माझ्या शेजारी बसणाऱ्या सिनियरचं काम आदल्या रात्रीपासून चालू होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "अगं, चौदा तास झाले होते." तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मी काढलेली पळवाट

तीन दिवसांनी प्रगती अहवाल द्यायचा होता. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो, प्रश्न बाजूला ठेवून पळवाट काढली. ५ वर्षांचे ६० महिने. महिन्यागणिक क्वेरी चालवली, महिन्याला सरासरी ३०-३२ हजार ओळी, मेमरीला काही झालं नाही. ६० सरासऱ्या आल्या, त्यांची पुन्हा सरासरी काढली आणि आलेख अहवालात टाकला. काम झालं!

या पळवाटेकडे आपण शेवटी परत येऊ.

अहवाल पाठवल्यावर सरांनी विचारलं, "एकदम का नाही चालवलंस?" मी म्हटलं, "सर, मशीनची मेमरी कमी पडते." सर म्हणाले, "अगं, ४ केबीच्या कामाला ८ जीबी कमी पडते?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. वरचा हिशोब मी तोपर्यंत केलेलाच नव्हता.

लीक म्हणजे नेमकं काय?

सी शिकताना आपल्याला सांगतात, मॅलॉकने घेतलेली मेमरी फ्रीने परत करा. परत करायची राहिली आणि तिचा पत्ताही हरवला, की झाला लीक. ही व्याख्या बरोबर आहे, पण अपुरी आहे. माझ्या बाबतीत एकही पत्ता हरवला नव्हता.

पोस्टग्रेस मेमरी वेगळ्या पद्धतीने सांभाळतं. तिथे मेमरी मागितली की ती कुठल्या ना कुठल्या 'मेमरी कॉन्टेक्स्ट'मधून मिळते. कॉन्टेक्स्ट म्हणजे एक कप्पा समजा. प्रत्येक कप्प्याचं आयुष्य ठरलेलं असतं. एखादा पूर्ण कनेक्शन असेपर्यंत टिकतो, एखादा क्वेरी संपेपर्यंत, एखादा फक्त एका ओळीचं काम होईपर्यंत. कप्पा रिकामा केला की त्यातलं सगळं एकदम परत जातं, प्रत्येक तुकडा वेगळा मोकळा करत बसावं लागत नाही.

ही रचना सहज आलेली नाही. ७.० आवृत्तीपर्यंत मोठ्या क्वेरीत ही अडचण चांगलीच भोवत होती. प्रत्येक ओळीवर काम करताना घेतलेली तात्पुरती मेमरी क्वेरी संपेपर्यंत परतच मिळत नसे. २००१ मध्ये आलेल्या ७.१ आवृत्तीत ही व्यवस्था बदलली आणि ओळीपुरत्या आयुष्याचे कप्पे वापरात आले. पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये मेमरी व्यवस्थापनाच्या फोल्डरमध्ये एक रीडमी फाइल आहे, तिच्यात हे सगळं विस्ताराने लिहिलंय. ती जरूर वाचा. पेपरइतकंच शिकवणाऱ्या अशा फाइल्स असतात, आणि आपण त्या उघडतच नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर पाटी आणि वही आठवा. गणित सोडवताना कच्चं काम पाटीवर करायचं, उत्तर वहीत लिहायचं. पुढच्या गणिताला पाटी पुसायची. पोस्टग्रेसमध्ये ओळीचा कप्पा म्हणजे पाटी. माझ्या ॲग्रिगेटचा कप्पा म्हणजे वही, कारण बेरजा ओळींमागून ओळी टिकायला हव्यात. आता कोणी कच्चं कामही वहीतच करायला लागलं तर? एकही पान हरवत नाही, उत्तर बरोबर येतं, वर्ष संपल्यावर वही रद्दीतही जाते. फक्त वही फुगत जाते.

डेटाबेसमधले बरेच लीक असे असतात. मेमरी हरवलेली नसते. चुकीच्या आयुष्याच्या कप्प्यात ठेवलेली असते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. वॅलग्राइंडसारखं हत्यार इथे का उपयोगी पडलं नाही? मी ते चालवून पाहिलं होतं, माझ्या फंक्शनच्या नावावर काहीच सापडलं नाही. सापडणार कसं? क्वेरी संपल्यावर कप्पा रिकामा होतो आणि सगळं परत जातं. हत्यार ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो माझा प्रश्नच नव्हता. 'लीक नाही' असा निकाल वाचून मी दोन दिवस भलतीकडेच शोधत राहिले.

आधी मोजा, मग बोला

सरांच्या प्रश्नानंतर मी ठरवलं की आता अंदाज बंद. पहिलं काम म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर वेगळं पोस्टग्रेस टाकलं. दुसऱ्या कोणाचे चौदा तास पुन्हा घालवायचे नव्हते.

मोजायला सुरुवात केली टॉप कमांडने. तिथे पहिला धडा मिळाला. टॉपमध्ये आरईएस नावाचा रकाना असतो, त्यात त्या प्रक्रियेने हात लावलेली शेअर्ड मेमरीही धरलेली असते. पोस्टग्रेस डिस्कवरून वाचलेली पानं शेअर्ड बफरमध्ये ठेवतं, म्हणून अगदी निरोगी क्वेरीतही हा आकडा सुरुवातीला चढू शकतो. त्यातून एसएचआर हा शेजारचा रकाना वजा केला की प्रक्रियेची स्वतःची मेमरी कळते. माझ्या बाबतीत वजा करूनही आकडा चढतच होता. म्हणजे फुगवटा खरा होता.

पण ही मेमरी कुठल्या कप्प्यात जातेय, ते टॉप सांगू शकत नाही. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून त्यासाठी छान सोय आहे. पीजी लॉग बॅकएंड मेमरी कॉन्टेक्स्ट्स या नावाचं फंक्शन दुसऱ्या कनेक्शनमधून चालवायचं आणि त्याला चालू प्रक्रियेचा क्रमांक द्यायचा. मग त्या प्रक्रियेतल्या प्रत्येक कप्प्याचा आकार सर्व्हरच्या लॉगमध्ये छापला जातो. जुन्या आवृत्तीत हेच जीडीबी डीबगर जोडून मेमरी कॉन्टेक्स्ट स्टॅट्स हे फंक्शन बोलावून करता येतं.

लॉग उघडला आणि चित्र स्पष्ट झालं. क्वेरीच्या कप्प्याखाली एक्सप्रेशन कॉन्टेक्स्ट नावाचे काही कप्पे होते. एक सोडून बाकीचे काही केबींचे. तो एक मात्र मी बघत असताना १ जीबीच्या पुढे गेला. तो होता माझ्या ॲग्रिगेटचा कप्पा. माझी वही.

इथे मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. दोष पोस्टग्रेसचा नव्हता, मशीनचा नव्हता, सेटिंगचाही नव्हता. एकाने सांगितलं म्हणून मी वर्क मेम वाढवून, कमी करून पाहिलं होतं. त्याने काही फरक पडला नव्हता, आणि आता त्याचं कारणही कळलं. वर्क मेमची मर्यादा सॉर्ट, हॅश अशा कामांना लागू होते. मी सी मध्ये लिहिलेलं फंक्शन किती मेमरी मागतं, याला ती आवर घालत नाही.

मग उतार मोजला. फायनल फंक्शनमध्ये तात्पुरती एक ओळ घालून शेवटी कप्प्यांचा आढावा छापून घेतला आणि क्वेरी वेगवेगळ्या ओळींवर चालवली. १ लाख ओळींना साधारण ४१ कोटी बाइट, २ लाखांना ८२ कोटी, ४ लाखांना १६४ कोटी. सरळ रेषा. म्हणजे ओळीमागे ४,१०० बाइटच्या आसपास काहीतरी मागे राहत होतं.

बग पुन्हा घडवता येईना

आता नियम असा, की बग लहानात लहान उदाहरणात पुन्हा घडवायचा. मी जागच्या जागी २८८ आकड्यांचे ॲरे तयार करणारी क्वेरी लिहिली, १० लाख वेळा फिरवली. मेमरी ढिम्म हलली नाही!

मी वैतागले. तेच फंक्शन, तेवढाच ॲरे, मग लीक कुठे गेला? पण अशा वेळी वैतागून उपयोग नसतो. बग घडला नाही हीसुद्धा माहितीच आहे. फरक काय आहे ते शोधायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी चार प्रयोग केले:

१. २८८ आकडे, जागच्या जागी तयार केलेले: मेमरी स्थिर.
२. २८८ आकडे, आधी टेबलात ठेवून मग वाचलेले: मेमरी चढते.
३. ९६ आकडे, टेबलातून वाचलेले: मेमरी स्थिर.
४. ९६ आकडे, जागच्या जागी तयार केलेले: मेमरी स्थिर.

पुढे वाचण्याआधी एक मिनिट थांबा आणि स्वतः विचार करा. टेबलात ठेवल्याने काय बदलतं? आणि ९६ ला न होणारी गोष्ट २८८ ला का होते?

तिसरा प्रयोग मला विशेष बोचला, कारण माझ्या सगळ्या सुरुवातीच्या चाचण्या १५ मिनिटांच्या नोंदींवर होत्या, दिवसाला ९६ आकडे. म्हणजे ज्या डेटावर मी फंक्शन तपासलं, त्यावर हा बग दिसणं शक्यच नव्हतं.

टोस्टची भानगड

पोस्टग्रेस डिस्कवर ८ केबीच्या पानांमध्ये ओळी ठेवतं. एखादी ओळ साधारण २ केबीच्या पुढे गेली, की तिच्यातले मोठे तुकडे दाबून लहान केले जातात किंवा वेगळ्या टेबलात हलवले जातात. या तंत्राचं नाव टोस्ट. (हेही ७.१ मध्येच आलं.)

९६ आकड्यांचा ॲरे म्हणजे ७६८ बाइट आणि २४ बाइटचं शीर्षक, एकूण ७९२. हा ओळीत जसाच्या तसा मावतो. २८८ चा ॲरे म्हणजे २,३०४ अधिक २४, एकूण २,३२८ बाइट. हा मर्यादेच्या पुढे जातो, म्हणून टोस्ट होतो.

आता फंक्शन असा ॲरे वाचतं तेव्हा काय होतं? साधा ॲरे असेल तर फक्त त्याचा पत्ता मिळतो, नवीन मेमरी लागत नाही. टोस्ट झालेला असेल तर तो आधी उलगडावा लागतो, आणि उलगडलेली प्रत नव्या मेमरीत ठेवली जाते. कुठल्या कप्प्यात? त्या क्षणी जो कप्पा चालू असेल त्यात.

चारही प्रयोगांचा उलगडा झाला. जागच्या जागी तयार केलेला ॲरे कधी डिस्कवर गेलाच नाही, म्हणून टोस्ट नाही, म्हणून प्रत नाही. ९६ चा डिस्कवर गेला पण लहान होता. फक्त दुसऱ्या प्रयोगात प्रत तयार होत होती.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. प्रत २,३२८ बाइटची, आणि मोजमाप सांगतं ओळीमागे ४,१०० च्या आसपास. जवळजवळ दुप्पट फरक. खरं सांगते, मोह झाला की 'इतर काहीतरी ओव्हरहेड असेल' म्हणून सोडून द्यावं. पण आकडा जुळत नाही याचा अर्थ एकतर कारण चुकलंय किंवा आपल्याला काहीतरी माहीत नाही. मी पुन्हा सोर्स कोड उघडला. पोस्टग्रेसचा नेहमीचा ॲलोकेटर ८ केबीपर्यंतची प्रत्येक मागणी दोनच्या घातांकापर्यंत वर नेतो. २,३२८ मागितले तर २,०४८ पुरत नाहीत, म्हणून ४,०९६ देतो. वर आमच्या आवृत्तीत ८ बाइटचं हेडर. एकूण ४,१०४ बाइट.

१ लाख गुणिले ४,१०४ म्हणजे ४१ कोटी ४ लाख. मोजलेला उतार आणि काढलेला हिशोब एकमेकांवर बसले. माझ्या मते बग सापडला तो या क्षणी. त्याआधी माझ्याकडे होता तो फक्त संशय.

बाकीचे प्रश्नही याच आकड्याने सुटले. सर्व्हरवर मोकळी मेमरी साधारण ६ जीबी होती, म्हणजे १४-१५ लाख ओळींनंतर ती संपणार, १९ लाख गाठणं शक्यच नव्हतं. मीटरप्रमाणे गट केल्यावर मात्र का चाललं? एक्सप्लेनमध्ये पाहिलं तर त्या क्वेरीत पोस्टग्रेस आधी सॉर्ट करून मग एकेक गट घेत होतं. अशा वेळी गट संपला की ॲग्रिगेटचा कप्पा रिकामा होतो. एका मीटरच्या जास्तीत जास्त १,८२६ ओळी, म्हणजे फार तर ७.५ एमबी. एवढ्याकडे कोणाचं लक्ष जाणार? लीक तिथेही होताच, फक्त दर मीटरला वही बदलली जात होती.

दुरुस्ती

माझ्या फंक्शनमध्ये क्रम असा होता: आधी ॲग्रिगेटच्या कप्प्यात जा, मग ॲरे वाच, मग बेरजा कर, मग परत मूळ कप्प्यात ये. म्हणजे वही उघडून कच्चं काम. बेरजांची जागा वहीत हवी म्हणून मी सुरुवातीलाच कप्पा बदलला होता. आळस, दुसरं काय!

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. पहिला, काम झाल्यावर उलगडलेली प्रत हाताने मोकळी करायची. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये तयार मॅक्रोही आहे. मी करून पाहिलं, मेमरी स्थिर झाली. दुसरा मार्ग म्हणजे क्रम बदलायचा. आधी ॲरे वाचायचा, म्हणजे त्याची प्रत आपोआप पाटीवर येते. पहिल्या ओळीला बेरजांची जागा घ्यायची तेवढ्यापुरतंच वहीत जायचं आणि लगेच परत यायचं.

मी दुसरा निवडला. पहिल्या मार्गाने आज सापडलेली एक गळती बुजते. उद्या मी फंक्शनमध्ये अजून एखादं तात्पुरतं काम घातलं तर तेही वहीतच होईल आणि मला पुन्हा आठवणीने पुसावं लागेल. दुसऱ्या मार्गात पाटी दर ओळीला पोस्टग्रेसच पुसतं, माझ्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही.

मग पडताळणी. १, २, ४ लाख ओळी पुन्हा चालवल्या, ॲग्रिगेटचा कप्पा तिन्ही वेळा तेवढाच, काही केबींचा. पूर्ण १९ लाख चालवल्या, क्वेरी सुखरूप संपली. ज्या लहान डेटावर जुनं फंक्शन चालत होतं तिथे जुनी आणि नवी उत्तरं ताडून पाहिली, सारखीच आली. शेवटी एक कायमची चाचणी लिहिली. त्यात मुद्दाम टोस्ट होणारे, टेबलात ठेवलेले ॲरे आहेत आणि कप्पा ठरावीक आकारापुढे गेला तर चाचणी नापास होते. आधीच्या चाचण्या फक्त उत्तर तपासत होत्या, मेमरी नाही.

लॅबच्या सर्व्हरवरही एक बदल करून घेतला. लिनक्समध्ये ओव्हरकमिटची सेटिंग अशी ठेवता येते की मेमरी संपल्यावर कर्नलने प्रक्रिया मारण्याऐवजी मागणीच नाकारली जाते. मग पोस्टग्रेस फक्त माझी क्वेरी चुकीचा संदेश देऊन थांबवतं, लॉगमध्ये कप्प्यांचे आकारही लिहून ठेवतं, आणि शेजारणीचं काम चालू राहतं. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातही याची शिफारस आहे.

आणि ती पळवाट

१९ लाख ओळींचं खरं उत्तर हातात आलं तेव्हा मी सहज म्हणून ते अहवालातल्या आलेखाशी ताडून पाहिलं. जुळेना. अहवालातला संध्याकाळच्या कमाल वापराचा आकडा साधारण ४ टक्क्यांनी कमी होता.

कारण शाळेतलं आहे. एका गटात १० ओळी, सरासरी ४. दुसऱ्या गटात ३० ओळी, सरासरी ८. सरासऱ्यांची सरासरी ६ येते. खरी सरासरी मात्र ७, कारण ४० आणि २४० मिळून २८०, भागिले ४०. आमच्या डेटात पावसाळ्याच्या महिन्यांत बऱ्याच नोंदी गहाळ होत्या. मी प्रत्येक महिन्याला सारखं वजन दिल्यामुळे कमी नोंदींच्या त्या महिन्यांचा प्रभाव वाढला, आणि आमच्या डेटात त्या महिन्यांतला वापर कमी असतो. महिन्यांना सारखं वजन देणं एरवी चुकीचंच असतं असं नाही, तो वेगळ्या प्रश्नाचा जबाब असू शकतो. पण अहवालात मी 'सर्व नोंदींची सरासरी' असं लिहिलं होतं, आणि तो आकडा तसा नव्हता.

नीट बघा. मेमरी लीकने माझं एकही उत्तर चुकवलं नव्हतं. लीक टाळायला मी जी पळवाट काढली, तिने चुकवलं.

सरांना सांगायला केबिनबाहेर मी दहा मिनिटं उभी होते. सांगितल्यावर ते म्हणाले, "अहवाल दुरुस्त करून पाठव, आणि काय बदललं ते पहिल्याच पानावर लिही." रागावले नाहीत. नंतर मला जाणवलं, की सिनियरला नुसतं सॉरी म्हणणं पुरेसं नव्हतं. तिला कारण, दुरुस्ती आणि सर्व्हरची नवीन सेटिंग हे सगळं एका मेलमध्ये लिहून पाठवलं. तिने तो मेल पूर्ण लॅबला फॉरवर्ड केला.

तुम्ही यातून काय घ्याल?

- काम सुरू करण्याआधी 'याला किती लागायला हवं?' हा हिशोब कागदावर करा. मेमरी असो, वेळ असो की रसायन. अपेक्षा लिहिलेली नसेल तर गडबड ओळखू येत नाही.
- चाचणीचा डेटा खऱ्या डेटासारखा हवा, केवळ प्रकाराने नाही तर आकारानेही. माझा ९६ चा ॲरे 'तसाच पण लहान' होता, आणि तेवढ्यानेच बग लपला.
- हत्याराने 'काही सापडलं नाही' म्हटलं तर ते हत्यार नेमकं काय शोधतं, हे आधी वाचा.
- बग पुन्हा घडला नाही तर तो प्रयोगही वहीत लिहा. माझ्या चार प्रयोगांपैकी तिघांत काहीच घडलं नव्हतं, आणि उत्तर त्या तिघांमुळेच मिळालं.
- आकडे साधारण जुळले म्हणून थांबू नका. २,३२८ आणि ४,१०४ मधला फरक सोडून दिला असता, तर कारण बरोबर आहे याची खात्री मला कधीच झाली नसती.
- पळवाट काढावी लागली तर काढा, पण ती पळवाट आहे असं अहवालात लिहा. पद्धत बदलली की उत्तर बदलू शकतं.

अकरा दिवस वाया गेले का, असं मला कोणीतरी विचारलं होतं. माझ्या थिसिसमध्ये या बगचा फार तर एक परिच्छेद येईल. पण पीएचडीत नेमकं काय करायचं असतं, ते मला त्या अकरा दिवसांत बरंचसं कळलं.

तुमच्या कामात असं काही अडलं असेल तर लिहून कळवा. फक्त लिहिताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. काय अपेक्षित होतं, काय घडलं आणि किती घडलं, ते आकड्यांसह लिहा. बऱ्याचदा तेवढं लिहिता लिहिताच उत्तर सापडतं.

भेटू पुढच्या लेखात!